इम्प्लांटचा दात बसवायचा आहे? पहिल्या तपासणीपासून कॅपपर्यंत आणि त्यापुढेही

पुढचा दात पडला तर माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात असतो. मागची दाढ काढली तर मात्र ‘बघू पुढे, एका बाजूने चावता येतंय ना’ म्हणत वर्षं निघून जातात. हाडाला असा पुढचा-मागचा भेद कळत नाही. दात मुळासकट निघाला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत उतरू लागतो. म्हणून दात काढायचं ठरतं त्याच बैठकीत ‘या जागी पुढे काय करायचं’ हे विचारून ठेवा. लगेच काही करून घ्यायलाच हवं असं नाही, पण ठरवायला उशीर केला तर पर्याय कमी होत जातात.

इम्प्लांटबद्दल लोक विचारतात ते बहुतेक त्या ऑपरेशनच्या दिवसाबद्दल: दुखेल का, किती वेळ लागेल, भूल कुठली. एका इम्प्लांटचं काम सरळ असेल तर ते तासाभरात उरकतं. जे बिघडतं, त्याचं कारण बहुधा त्या तासाच्या आधी किंवा नंतर सापडतं. त्यामुळे इथे त्या तासाला जेमतेम त्याच्या वाट्याची जागा दिली आहे.

आधी वस्तू समजून घ्या

इम्प्लांट म्हणजे अख्खा दात नव्हे. तो हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे कृत्रिम मूळ. जाडी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर, लांबी आठ ते तेरा. त्यावर हिरडीतून बाहेर येणारा जोडतुकडा बसतो, त्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दातासारखी दिसणारी कॅप. दवाखान्यात कुणी नुसतं ‘इम्प्लांटचा खर्च’ सांगत असेल, तर तो या तिघांपैकी कशाचा आहे हे तिथल्या तिथे विचारायचं.

टायटॅनियमच का, याची गोष्ट स्वीडनमधली आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमची नळी वापरत होते. अभ्यास संपल्यावर ती नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला थेट चिकटून वाढलं होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले आणि ते त्या रुग्णाने पुढे चाळीस वर्षं वापरले. या चिकटण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. मध्ये ना सिमेंट असतं, ना गोंद; हाडाच्या जिवंत पेशी धातूच्या पृष्ठभागाला येऊन भिडतात. ही पेशींची वाढ आहे, तिला वेळ लागतो, आणि जास्त पैसे मोजले म्हणून ती लवकर होत नाही. झिरकोनियाचे पांढरे, धातू नसलेले इम्प्लांटही मिळतात, पण सर्वाधिक वर्षांचा अनुभव टायटॅनियमचाच आहे.

पायरी पहिली: इम्प्लांट हवंच आहे का, ते ठरवा

इम्प्लांट हा चांगला पर्याय आहे, एकमेव नाही. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप घालून मध्ये अडकवलेल्या दातासाठी, ते तासून घेणं जिवावर येतं, आणि तिथे इम्प्लांटची बाजू भक्कम होते. पण त्याच शेजारच्या दातांना आधीच मोठी फिलिंग असतील, रूट कॅनाल झालं असेल, कॅप घालायचीच असेल, तर ब्रिज अगदी समंजस निवड आहे. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं आणि हाडाला हातही लावावा लागत नाही. काढघाल करता येणारी अर्धी कवळीही वाईट नसते. सवय व्हायला वेळ लागतो इतकंच.

आणि काही वेळा काहीच करू नये. अक्कलदाढ गेली तर तिच्या जागी कुणी दात बसवत नाही. तिच्या अलीकडची, अगदी शेवटची दाढ गेली असेल, समोरचा दात खाली-वर सरकत नसेल आणि चावायला अडचण नसेल, तर ती जागा मोकळी ठेवून आयुष्य मजेत जातं. हे सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

सगळेच दात गेलेल्यांचा विचार वेगळा. वरची कवळी टाळूला चिकटून बसते; खालचीला तसा आधार नसतो, जिभेने ती उचलली जाते आणि बोलता-बोलता हलते. अशांना खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. चार किंवा सहा इम्प्लांटवर अख्खी ओळ कायमची बसवण्याचीही पद्धत आहे. पण खालच्या हलणाऱ्या कवळीने वैतागलेल्या माणसाला त्या दोन इम्प्लांटमधून जेवढं सुख मिळतं, तेवढं कमी कामात दुसऱ्या कशातून मिळताना मी पाहिलेलं नाही.

पायरी दुसरी: तब्येतीचं सगळं सांगा

फॉर्म भरताना लोक ‘दाताचं तर काम आहे’ म्हणून निम्म्या गोष्टी गाळतात. खालच्या तरी गाळू नका.

मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सीचा, म्हणजे सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बरोबर न्या. आकडा ७च्या आसपास असेल तर सहसा अडथळा येत नाही. ८च्या वर असेल तर बरेच डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. साखर चढलेली असताना जखम सावकाश भरते आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची किंवा महिन्याची गोळी चालू आहे? वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेता? सहा महिन्यांनी इंजेक्शन? या औषधांमुळे काही जणांच्या जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येत नाही. गोळ्यांवर असलेल्यांमध्ये हे क्वचित घडतं; कॅन्सरसाठी तीच औषधं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये धोका बराच जास्त असतो. रुग्णाला हे ‘दाताशी संबंधित’ वाटतच नाही, म्हणून तो सांगत नाही. जबड्याला किंवा मानेला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर तेही याच यादीत येतं.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एका इम्प्लांटसाठी ती बहुधा बंद करावी लागतच नाही. आणि करायचीच झाली तर तो निर्णय ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांचा.

सिगारेट, तंबाखू. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही: धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त असतं, साधारण दुपटीच्या आसपास. हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, हाड जुळायला वेळ लागतो, आणि सगळं सुरळीत पार पडलं तरी पुढे हिरडीचा आजार लवकर गाठतो. कायमची सुटत नसेल तर निदान ऑपरेशनच्या आधी एक-दोन आठवडे आणि नंतर दोन महिने तरी बंद ठेवायला डॉक्टर सांगतात.

रात्री दात करकर खाण्याची सवय असेल तर तीही सांगा. घरच्यांना विचारा, कारण स्वतःला ती कळत नाही.

वयाची वरची मर्यादा नाही. सत्तरी-ऐंशीतल्या धडधाकट माणसाला इम्प्लांट छान बसतं. मर्यादा आहे ती खालची. जबड्याची वाढ पूर्ण व्हायच्या आत इम्प्लांट बसवलं तर आजूबाजूचे दात हाडाबरोबर पुढे येत राहतात आणि इम्प्लांट होतं तिथेच राहतं; काही वर्षांत तो दात आखूड, बुडाल्यासारखा दिसतो. अपघातात पुढचा दात गमावलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आई-वडिलांची घाई समजते, पण तिथे तात्पुरता दात लावून थांबायचं असतं.

आणि हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्याचे उपचार. ज्या तोंडात दात हलून पडले, त्याच तोंडात तेच जंतू इम्प्लांटलाही भेटणार आहेत.

पायरी तिसरी: स्कॅन नुसता काढू नका, बघून घ्या

साध्या सपाट एक्स-रेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. जाडी कळायला सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन लागतो. तुम्ही उभे किंवा बसलेले असता, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं, मिनिटभरात काम होतं.

डॉक्टर पडद्यावर तो स्कॅन उघडतील तेव्हा खुर्ची जरा जवळ घ्या. खालच्या जबड्याच्या आडव्या छेदात, खालच्या बाजूला, पांढरट कडेची एक छोटी काळी गोल खूण दिसेल. ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणाऱ्या नसेची नळी. इम्प्लांटचं टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर वर राहायला हवं. वरच्या जबड्यात दाढांच्या डोक्यावर जी काळी पोकळी दिसते ते सायनस. तिच्या तळाखाली किती हाड उरलंय ते बघायचं. ‘माझ्या जागी किती मिलिमीटर हाड आहे आणि तुम्ही केवढं इम्प्लांट घालणार आहात?’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याने किती विचार केलाय याचा अंदाज येतो. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवायचा नियम आहे. म्हणून ओळीने दोन दात गेले की दोन इम्प्लांट हे गणित दरवेळी जुळत नाही.

हाड कमी निघालं तर घाबरायचं कारण नाही, पण कॅलेंडर मात्र लांबतं. रुंदी कमी असेल तर हाडाची भुकटी भरून वर पातळ पडदा घालतात. वरच्या दाढांपाशी उंची कमी असेल तर सायनसचं अस्तर अलगद उचलून त्याखाली भुकटी भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. ही भुकटी तुमच्याच हाडाची, मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया केलेली, जनावराच्या हाडापासूनची किंवा पूर्ण कृत्रिम असू शकते. पडदा अनेकदा गाय किंवा डुकरापासून मिळालेल्या कोलॅजनचा असतो. श्रद्धेमुळे किंवा इतर कारणाने यातलं काही चालणार नसेल तर आधी सांगा. कृत्रिम पर्याय आहेत, पण टेबलावर आडवं पडल्यावर ही चर्चा होत नाही.

पायरी चौथी: होकार देण्याआधी

लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात स्कॅन, इम्प्लांट, अ‍ॅबटमेंट, कॅप, हाड भरायचं असेल तर ते, आणि मधल्या काळातला तात्पुरता दात हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. इम्प्लांट पहिल्या काही महिन्यांत जुळलंच नाही तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर यावं. असं क्वचित होतं, पण होतं. चांगल्या हाडात, चांगल्या हातांनी बसवलेल्या इम्प्लांटपैकी दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त शाबूत असतात. उरलेल्यांत आपण नसूच अशी खात्री कुणी देत असेल तर जरा सावध व्हा.

कुठल्या कंपनीचं इम्प्लांट आहे ते विचारा. महागडंच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. मुद्दा सुट्या भागांचा आहे. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, स्क्रूचं डोकं वेगळं, ते फिरवणारी किल्लीसुद्धा वेगळी. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरांकडे ती किल्ली असायला हवी.

कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि विचारायलाच हवा. स्क्रूची कॅप वरचं भोक उघडून काढता येते, दुरुस्त करता येते. सिमेंटची कॅप दिसायला कधीकधी जास्त सुबक जमते, पण हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेला तर तो महिनोन्‌महिने दाह करत राहतो आणि हाड खातो. जागा आणि कोन जुळत असेल तिथे मला स्क्रूचीच बरी वाटते.

‘एका दिवसात दात’ अशी जाहिरात पाहिली असेल. ती खोटी नाही, अपुरी आहे. इम्प्लांट बसवतानाच हाडात पुरेसं घट्ट बसलं तर त्यावर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. पण तो दिसण्यापुरता, चावण्यासाठी नाही. पक्का दात महिन्यांनीच येतो.

पायरी पाचवी: तो तास

आदल्या रात्री झोप घ्या. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर हलकं खाऊन जा, कारण भूल बहुधा फक्त त्या जागेपुरती असते. नेहमीची औषधं विचारून घ्या. परतताना सोबत कुणी असलेलं बरं.

बधिर करणारं इंजेक्शन टोचतं, तेवढंच. मग हिरडीला छोटी चीर देतात आणि हाड उघडं करतात. ड्रिल सावकाश फिरतं, दात कोरण्याच्या यंत्रासारखा कर्कश आवाज येत नाही. खोलवर घरघर जाणवते आणि तोंडात थंड सलाइन सतत भरत राहतं. सहाय्यक ते नळीने ओढून घेत असतो. हे पाणी उगाच नाही. हाड ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर तापलं तरी त्या जागच्या पेशी मरतात आणि मेलेल्या हाडाला इम्प्लांट जुळत नाही. म्हणून बारीक ड्रिलपासून सुरुवात करून थोडं थोडं भोक मोठं करतात. मध्येच डॉक्टर थांबून भोकात एक बारीक खिळा ठेवून एक्स-रे काढतील. दिशा बरोबर आहे ना, हे बघायला. शेवटी इम्प्लांट फिरवून घट्ट करताना जबड्यावर दाब येतो, कुणीतरी हनुवटी धरून ठेवल्यासारखा. दुखत नाही. दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देता येते. मग दोन-तीन टाके.

पायरी सहावी: पहिले दहा दिवस

घरी जाताना तोंडात कापसाचा किंवा गॉझचा बोळा असेल. तो अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी चूळ भरू नका, थुंकत बसू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. रक्ताची गाठ निघून येते. बाहेरून गालावर बर्फ, दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं थांबायचं. खाणं मऊ आणि कोमट. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने हलकी चूळ, आणि बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे. टाक्यांच्या जागेला मात्र ब्रश लावायचा नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नेमक्या त्या दिवशी लोक घाबरून फोन करतात. चौथ्या दिवसापासून ती उतरायला लागली की सगळं ठीक आहे. त्यानंतर पुन्हा वाढली, ताप आला, पू आला, तर वाट पाहू नका.

एक गोष्ट मात्र लगेच कळवायची. खालच्या जबड्याचं काम झालं असेल आणि भूल उतरायला हवी त्यानंतरही, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीही, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर ‘जाईल हळूहळू’ म्हणत बसू नका. इम्प्लांट नसेवर दाब देत असेल तर ते लवकर मागे घेतल्यावर संवेदना परत येण्याची शक्यता जास्त असते. इथे दिवसांचा फरक पडतो.

टाके सात ते दहा दिवसांत निघतात.

पायरी सातवी: थांबण्याचे महिने

सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण करायचं काही नसतं. खालच्या जबड्याचं हाड कठीण, तिथे साधारण दोन-तीन महिने. वरचं मऊ, तिथे चार ते सहा. हाड भरलेलं असेल तर त्याहून जास्त.

यातली खुबी समजून घ्या. बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतं ते निव्वळ आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या काही आठवड्यांत शरीर आट्यांभोवतीचं जुनं, दुखावलेलं हाड विरघळवतं आणि नवं बांधायला घेतं. म्हणजे जुनी पकड सैल होत असते आणि नवी अजून तयार व्हायची असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास इम्प्लांट सर्वांत कच्चं असतं. नेमकी तेव्हाच सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, दुखणं संपलेलं असतं आणि माणसाला वाटतं, आता झालं. मग तो त्या बाजूने कडक काहीतरी फोडून बघतो. या काळात इम्प्लांट सूक्ष्म प्रमाणात जरी हलत राहिलं तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो, आणि असं इम्प्लांट शेवटी काढावंच लागतं. तेव्हा दुखत नाही म्हणून त्या बाजूने चावू नका. महिना उलटून गेल्यावरही डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत नाही.

पुढचा दात असेल तर मधल्या काळात काढता-घालता येणारा तात्पुरता दात देतात. तो जखमेवर टेकत असेल तर तासून घ्या.

पायरी आठवी: माप आणि कॅप

इम्प्लांट हिरडीखाली झाकलेलं असेल तर छोटी चीर देऊन ते उघडतात आणि हिरडीला आकार देणारी टोपी लावतात. आठवडा-दोन आठवड्यांनी माप. पूर्वी ते ट्रेमध्ये मसाला भरून घ्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी छोट्या कॅमेऱ्याने तोंडाचं स्कॅनिंग होतं. पुढच्या दाताचा रंग ठरवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक न लावता जा. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते याच्या आधी, कारण कॅपचा रंग नंतर बदलत नाही.

कॅप बसते तेव्हा हिरडी दाबली जाऊन कडेने पांढरी पडते, ताण जाणवतो. काही मिनिटांत तिचा गुलाबी रंग परत येतो. येत नसेल तर आकार थोडा कमी करावा लागतो. मग डॉक्टर ठरावीक जोराला कट्‌ आवाज करणाऱ्या पान्याने स्क्रू आवळतात आणि वरचं भोक भरतात.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखा पातळ पडदा असतो, तो चावताना किंचित दबतो आणि खडा लागला की झटकन सांगतो. इम्प्लांटला तो नाही. चावताना जोर किती लागतोय हे तिथे नीट कळत नाही. म्हणून डॉक्टर निळा-लाल कागद चावायला लावून कॅप हलकीच ठेवतात. घरी गेल्यावर ती आधी टेकते असं वाटलं तर सवय होईल म्हणून सोडू नका. परत जाऊन घासून घ्या. दात करकर खाणाऱ्यांनी रात्रीचा गार्ड इथेच मागून घ्यावा.

पुढची वर्षं

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. त्यामुळे लोक निर्धास्त होतात, आणि हिरडीचा आजार आत शिरतो. आधी हिरडी लाल होते, घासताना रक्त येतं; या टप्प्यावर नीट स्वच्छता केली तर सगळं पूर्ववत होतं. दुर्लक्ष झालं तर हाड झिजू लागतं, आणि ते सहसा दुखत नाही. इम्प्लांट हलायला लागतं तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. ब्रशबरोबर दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश रोज वापरा. त्याची तार प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या, उघडी तार धातूवर ओरखडे काढते. सहा महिन्यांनी तपासणी, आणि पहिल्या वर्षी तरी एक एक्स-रे. तोच पुढच्या प्रत्येक एक्स-रेशी ताडून बघायचा असतो.

काही वर्षांनी इम्प्लांट आणि त्याच्या पुढच्या दातामध्ये अन्न अडकायला लागलं तर कॅप वाईट केली असं लगेच समजू नका. खरे दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचं हलत नाही, आणि फट पडते. कॅप काढून कड वाढवून घेता येते. स्क्रूच्या कॅपचा फायदा इथेच कळतो.

कॅप हलायला लागली तर पोटात गोळा येतो, पण बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो, इम्प्लांट नाही. त्या बाजूने चावणं बंद करा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. सैल स्क्रूवर चावत राहिलात तर तो तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं हे डॉक्टरांच्याही घामाचं काम आहे. निघालेली कॅप घरच्या गोंदाने चिकटवू नका.

एमआरआयची वेळ आली तर टायटॅनियम चुंबकाकडे ओढलं जात नाही, काळजी नको. जबड्याजवळचं चित्र थोडं विस्कटू शकतं इतकंच. कवळी चुंबकाने अडकणारी असेल तर मात्र तंत्रज्ञाला आधी सांगायलाच हवं. आणि दवाखान्यातून निघताना इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या: कंपनी, प्रकार, जाडी, लांबी, लॉट नंबर, बसवल्याची तारीख. बहुतेक पाकिटांवर याचं स्टिकर असतं, ते कार्डावर चिकटवतात. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी पाठवून ठेवा.